घर घुमतं कुठे ते आधी ऐका

मागच्या अंकात मी त्र्यंबकच्या बाजूच्या एका बंद घराबद्दल लिहिलं होतं. ज्यांच्या हाती तो अंक आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझ्या मावसबहिणीच्या सासरचं पाच खणांचं कौलारू घर, अकरा वर्षं कुलूप, घरातली सगळी माणसं सातपूर-अंबडला कामाला लागून नाशिकचीच झालेली. जानेवारीत आम्ही तिघांनी तिथे चार रात्री उजेड आणि आवाजाचं एक काम, ज्याला इन्स्टॉलेशन म्हणतात, ते मांडलं, सहा छोटे बल्ब, पाच लहान स्पीकर, गल्लीतल्या एका आजींनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या आणि बाकी सगळा अंधार, बस. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. मी नाटकाच्या लाईट्सवाली, नाशिकच्या कालिदास आणि सायखेडकर नाट्यगृहांच्या विंगेत वीस वर्षं गेली, त्यामुळे जे सांगते ते हाताने केलेलं सांगते.

प्रश्न : ताई, मी सिन्नर तालुक्यातला, नाशिकला आर्टचं शिकतोय. आमच्या आजोबांचं गावातलं घर सात वर्षं बंद आहे. मातीच्या भिंती, वर पत्रा (आधी कौलं होती). मला तिथे लाईट आणि म्युझिकचं इन्स्टॉलेशन करायचंय. बजेट पंधरा-वीस हजार. मित्र म्हणतो आधी प्रोजेक्टर भाड्याने घेऊ. सुरुवात कुठून करू?

उत्तर : प्रोजेक्टर नको. निदान आत्ता तरी नको. आधी चार संध्याकाळी काहीही न घेता त्या घरात जाऊन बस, मोबाईलसुद्धा बाहेर ओट्यावर ठेवून. दिवस मावळायच्या आधी आत जा आणि पूर्ण अंधार झाल्यावर अजून अर्धा तास बस. अर्धा तास का, तर आपल्या डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला साधारण वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मधे एकदा जरी मोबाईलची स्क्रीन बघितली तरी केलेलं सगळं वाया, परत पहिल्यापासून. जपानमधे नाओशिमा नावाचं बेट आहे, तिथे तादाओ आंदो या आर्किटेक्टने बांधलेल्या एका लाकडी इमारतीत जेम्स टरेल या कलाकाराचं १९९९ सालचं काम आहे. लोकांना आत नेऊन मिट्ट काळोखात बसवतात, पहिली काही मिनिटं कोणालाच काही दिसत नाही आणि मग समोर हळूहळू एक फिकट उजेड उमटायला लागतो. तो उजेड पहिल्यापासून तिथेच असतो, तेवढाच असतो, बदलतात ते आपले डोळे. तुझ्या आजोबांच्या घरात हे फुकट मिळणारंय तुला, पत्र्याच्या भोकातून येणारं आभाळ, दाराच्या फटीतून येणारा शेजारच्या ओट्यावरचा दिवा, हे सगळं आधी बघून घे. आमच्या चौथ्या रात्री पौर्णिमा जवळ आली होती आणि एक कौल निसटलेलं होतं तिथून चांदण्याचा भाकरीएवढा तुकडा जमिनीवर पडला, सरकत सरकत जात्यावर आला, आम्ही तेवढा वेळ आमचे सगळे बल्ब बंद करून टाकले, लोक हूं की चूं न करता उभे. आम्ही एवढं केलं त्यात सगळ्यात चांगलं काय झालं असं कोणी विचारलं तर मी तेच सांगते.

आता आवाज. रिकाम्या खोलीत मधोमध उभा राहा आणि तोंड मिटून खर्जात गुणगुण, अगदी खालपासून हळूहळू वर चढव. एका ठराविक सुराला खोली एकदम तुझ्याबरोबर बोलायला लागेल, आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटेल, छातीत जाणवेल. आमच्याकडे याला घर घुमतं म्हणतात. यामागे साधा हिशोब आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, खोली दहा फूट म्हणजे तीन मीटरच्या जरा वर असेल तर समोरासमोरच्या दोन भिंतींमधे ५६ हर्ट्झच्या (सेकंदाला ५६ कंपनं) आसपासचा सूर अडकून राहतो. तो फार खालचा, पण त्याची दुप्पट म्हणजे ११२, ती पुरुषाच्या खर्जात आरामात येते. बायकांनी गुणगुणलं तर त्याच्याही वरची पट सापडते. प्रत्येक खोलीचा सूर वेगळा, माजघराचा वेगळा, चुलीच्या खोलीचा वेगळा. ते सूर मोबाईलच्या ट्यूनर ॲपवर बघून भिंतीवर खडूने लिहून ठेव. तुझं म्युझिक कुठल्या पट्टीत असावं हे तुला घरानेच सांगितलेलं असेल, कीबोर्डसमोर बसून ठरवायला लागणार नाही. १९६९ मधे आल्विन लुसिए नावाच्या अमेरिकन संगीतकाराने एक काम केलं होतं, खोलीत बसून स्वतःचं बोलणं रेकॉर्ड केलं, ते त्याच खोलीत वाजवून परत रेकॉर्ड केलं, परत वाजवलं, असं करत गेला आणि शेवटी शब्द विरघळून गेले, खोलीचे सूर तेवढे उरले. हे तू मोबाईल आणि एका ब्लूटूथ स्पीकरवर घरी करून बघू शकतोस. आजोबांचं किंवा आजीचं जुनं रेकॉर्डिंग, लग्नाच्या कॅसेटमधलं, असलं काही असेल तर त्याच्यावर करून बघ, मी केलंय, अंगावर काटा येतो.

मातीच्या घराचा आणखी एक गुण म्हणजे टाळी वाजवली की ती तिथेच मरते. माती, शेणाचं सारवण, भुसा हे वरचे बारीक आवाज पिऊन टाकतात म्हणून मातीच्या खोलीत कोणी हळू बोललं तरी कानाशी बोलल्यासारखं वाटतं. तुझ्याकडे वर पत्रा आहे म्हणजे मामला वेगळा, पत्रा चकचकीत आवाज परत फेकणार आणि जोरात वाजवलं तर स्वतःच खडखडणार. पण त्याचाही उपयोग आहे. बाजारात एक्सायटर नावाचा प्रकार मिळतो, पुढचा कागदी शंकू नसलेला स्पीकर म्हण, तो ज्या वस्तूला चिकटवशील ती वस्तूच स्पीकर होते. पत्र्याला लाव, जुन्या ट्रंकेला लाव, पितळी घंगाळाला लाव. आम्ही दोन लावले होते, एक धान्याच्या कोठीला आणि एक देवघराच्या दाराला. कोठीतून ओवी आली ना, तेव्हा एका काकूंनी चक्क झाकण उघडून आत बघितलं. मात्र मोठा बास नको! आम्ही पहिल्या रात्री एक सबवूफर ठेवला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर कोपऱ्यातल्या भिंतीचं परातीएवढं ढेकूळ खाली पडलेलं, नशीब की रात्री पडलं आणि तिथे कोणी उभं नव्हतं. त्या दिवशी सबवूफर परत पाठवला आणि ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाकलं. जुनी भिंत तुझ्या म्युझिकसाठी हादरवायची नाही, हे पक्कं डोक्यात ठेव.

आणि उजेड. त्या घरात पूर्वी उजेड कुठे राहायचा ते शोध. भिंतीत देवळी असेल, तिच्या वरच्या बाजूला काजळीचा काळा पट्टा असेल, वर निमुळता होत गेलेला. तिथे वर्षानुवर्षं रॉकेलची चिमणी जळलीय. पहिला दिवा तिथेच ठेव. आपल्या जुन्या घरांमधे उजेड कधी डोक्यावरून आलाच नाही, चूल जमिनीवर, कंदील कंबरेएवढ्या उंचीवर, समई बसलेल्या माणसाच्या डोळ्यापुढे. डोक्यावरच्या ट्यूबलाईटने घर सपाट होतं, खालून दिवा लावला की सावल्या आढ्यापर्यंत जातात आणि घर एकदम मोठं होतं. एक करून बघ, तीन वॅटचा एक पिवळा बल्ब भिंतीला अगदी चिकटून, जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेव, असा की उजेड भिंतीला घासत वर जाईल. मग बघ भिंतीकडे. दिवसा जी भिंत नुसती मळकट दिसते तिच्यावर गवताच्या काड्या दिसायला लागतील, आणि बोटं दिसतील. सारवणाऱ्या बाईची चार बोटं, खांद्यापासून हात फिरवला की जी कमान होते ती, एकाशेजारी एक, एकाशेजारी एक, आणि हात पुरेना तिथे कमानी संपलेल्या. आमच्या भिंतीवर एका उंचीनंतर कमानी लहान झालेल्या होत्या, मावसबहीण म्हणाली त्या वर्षी सासूबाईंचा खांदा धरला होता, वरचं मी स्टुलावर चढून केलं, तेव्हा मी एकोणीस वर्षांची. हे कुठल्या प्रोजेक्टरने दाखवशील तू?

बल्ब घेताना २२०० ते २७०० केल्विन लिहिलेला घे, पांढरा ६५०० वाला अजिबात नको, त्याच्यात माती राखेसारखी दिसते. डिमर असा घे की पूर्ण खाली गेल्यावर फडफडणार नाही, दुकानातच मोबाईलचा कॅमेरा धरून बघ, पट्टे सरकताना दिसले तर तो ठेवून दे. उजेड बदलायचा तर हळू, एका दिव्यावरून दुसऱ्यावर जायला मी चाळीस सेकंद घेते. करंटसाठी शेजाऱ्याकडून वायर ओढू नकोस, जुन्या घरात ओल असते, लाकूड वाळलेलं असतं, २३० व्होल्ट तिथे नकोच. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी घे, १२ व्होल्टने गुणलं की १८०० वॅट-अवर, त्यातले अर्धे वापरायचे म्हणजे बॅटरी मरत नाही, राहिले ९००. आमचे बल्ब, ॲम्प्लिफायर, सगळं मिळून ६० वॅट होतं, म्हणजे पंधरा तास. रोज तीन तास केलं, चार रात्री एकाच चार्जिंगवर निघाल्या. १२ व्होल्टच्या बारीक वायरी लांब नेल्या की शेवटचा बल्ब मंद होतो, तेव्हा वायर जाड घे किंवा बॅटरी मधल्या खोलीत ठेव. वीस हजारात हे सगळं बसतं आणि उरलेल्या पैशात गावातल्या मिस्त्रीला एक दिवस बोलवून तुळया, वासे ठोकून बघून घे. माळा असेल तर जिना दोरीने बंद, वर कोणीही जाणार नाही, मित्रसुद्धा नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, नाशिकरोडला राहतो. आपला लेख वाचला. मनात आलं ते स्पष्ट लिहितो, राग नसावा. पडक्या घरात दिवे लावून आवाज सोडायचे हे परदेशातलं फॅड वाटतं. आपल्या मातीत याचं मूळ काय?

उत्तर : सर, राग कसला, प्रश्न अगदी रास्त आहे आणि मी स्वतःला तो बरीच वर्षं विचारलाय. माझं उत्तर गोंधळ हे आहे. तुमच्या घरी लग्नानंतर गोंधळ घातला गेला असेलच. चौक मांडलाय, संबळ घुमतोय, तुणतुणं, झांजा आणि गोंधळ्याच्या हातात पेटलेली दिवटी, तिच्यावर मधेमधे तेल सोडलं जातंय, ती हलली की सगळ्या भिंती हलतात. उजेड आणि संगीत एका घरात, त्या घरासाठी, रात्रभर! सकाळी जमीन परत सारवली की काही उरत नाही. मी लहानपणी वणीच्या देवीचा गोंधळ आजोळी बघितला, दिवटीमागे माझ्या काकांची सावली एवढी मोठी झाली होती की मी आईच्या पदरात तोंड लपवलं, मला वाटतं मी लाईट्समधे आले ती त्या रात्रीमुळे. आपल्याच जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर बोहाडा, म्हणजे देवांची सोंगं नाचवायचा उत्सव, होतो तिथेही तेच, लाकडी मुखवटे, संबळ, टेंभे, आणि मुखवट्यावर उजेड खालून पडला की देव जागा होतो. टेंभ्याऐवजी हॅलोजन लावला की तेच सोंग नुसतं रंगवलेलं लाकूड दिसतं, हे बोहाड्यातली जुनी माणसं तुम्हाला स्वतःहून सांगतील.

कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९० च्या दशकात शांबरिक खरोलिका काढली, काचेवर रंगवलेली चित्रं दिव्याने पडद्यावर टाकायची आणि सोबत निवेदन, गाणं. आणि दादासाहेब फाळके तर आपल्या त्र्यंबकला १८७० साली जन्मले, नाशिकला त्यांनी चित्रपट काढले, १९४४ मधे इथेच गेले. सिनेमाच्या आधी तेही जादूचे प्रयोग करायचे. तेव्हा अंधारात उजेड सोडून माणसाला गप्प बसवणं हे आपल्याला कोणी बाहेरून येऊन शिकवलेलं नाही.

बाहेरच्यांचं म्हणाल तर त्यांच्याकडेही आपलं काही गेलंय. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० मधे अमेरिकेत गेले, त्यांचे तिथले शिष्य ला माँट यंग आणि मरियन झाझीला. या दोघांनी १९९३ पासून न्यूयॉर्कच्या चर्च स्ट्रीटवर एक जागा उजेड आणि आवाजाला दिली, गुलाबी-जांभळा उजेड आणि न थांबणारे सूर, नुसतं डोकं हलवलं तरी कानात सूर बदलतो कारण आवाज खोलीत जागोजागी अडकून उभा असतो. वर मी त्या सिन्नरच्या मुलाला जे सांगितलं तेच हे. त्याच्यामागे तानपुरा आहे, सर. गुरूसमोर बसून तासन्‌तास ऐकलेला तानपुरा.

आणि ओस घरांचं म्हणाल तर जपानमधल्या नाओशिमाचंच आणखी एक काम सांगते, मला फार जवळचं आहे. १९९८ मधे तिथल्या साधारण दोनशे वर्षं जुन्या घरात तात्सुओ मियाजिमा या कलाकाराने जमिनीच्या जागी पाणी केलं आणि त्यात १२५ एलईडी आकडे सोडले. कुठला आकडा किती वेगाने पळणार हे बेटावरच्या १२५ माणसांनी ठरवलं, पाच वर्षांच्या पोरापासून पंचाण्णव वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत. म्हणजे गावातला माणूस त्या घरात येऊन म्हणू शकतो, तो कोपऱ्यातला हळू चालणारा आहे ना, तो माझा. फॅड म्हणजे जिथे गावाला विचारलेलंच नसतं ते. तुम्ही म्हणताय तो धोका खराच आहे, मी बघितलीत अशी कामं, शहरातून गाड्या येतात, फोटो होतात, गावातली माणसं कुंपणापाशी उभी राहून बघतात. ते मलाही नको आहे.

प्रश्न : ताई, निफाड तालुक्यातून लिहितेय. आमचं मळ्यातलं जुनं घर बंद आहे, सासूबाई त्याच घरात गेल्या. माझ्या मुलीला तिथे तुमच्यासारखं काहीतरी करायचंय. दीर-जाऊबाई म्हणतात गेलेल्या माणसाच्या घरात कसले तमाशे, आणि घरावर तिघा भावांची नावं आहेत. मला दोन्हीकडचं पटतं. काय करू?

उत्तर : तुमचं पत्र मी तीन-चार वेळा वाचलं. आधी कागदाचं सांगते कारण ते सोपं आहे. घर मळ्यात असेल तर सातबारा काढा, गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा, ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांची साध्या कागदावर लेखी संमती, किती दिवस, काय करणार, नंतर सगळं होतं तसं ठेवणार, एवढं लिहून सह्या. एकजण जरी नको म्हणाला तर थांबा. घराच्या भिंतीपेक्षा भाऊबंदकीची भिंत लवकर पडते आणि मग बांधता येत नाही.

आता जाऊबाईंचं. त्यांना तमाशा वाटतो कारण बंद घर, रात्र, आवाज म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यापुढे टीव्हीवरचं भूत येतं. मुलीला एवढंच सांगा की घाबरवायचं काही करायचं नाही. अचानक दार वाजणं, लाल लाईट, कुजबुज, यातलं एक म्हणजे एक नको. ज्या घरात बाळंतपणं झाली, दिवाळीला करंज्या तळल्या, म्हाताऱ्या माणसाने शेवटचा श्वास घेतला, त्या घराला भुताटकी करून विकणं मला सहन होत नाही, मग ते कितीही चांगलं जमलेलं असो.

आणि जाऊबाईंना प्रेक्षक नका करू, कामात घ्या. सासूबाई पहाटे काय म्हणायच्या, गाईला कशी हाक मारायच्या, कुठल्या खांबाला टेकून बसायच्या, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. मुलीने मोबाईल घेऊन त्यांच्याकडे जावं आणि नुसतं विचारावं. आमच्याकडे मावसबहिणीचे दीर पहिले दोन दिवस फिरकलेच नाहीत, तिसऱ्या दिवशी दुपारी आले, ओट्यावर बसले, म्हणाले तुम्ही दिवा तिथे ठेवलाय पण आईचा कंदील या खुंटीला असायचा. आम्ही दिवा हलवला. त्या रात्री ते शेवटपर्यंत थांबले. पहिली रात्र घरच्यांसाठीच ठेवा, बाहेरचं कोणी नको, आणि त्यानंतर घरच्यांना वाटलं की बास, एवढंच पुरे, तर तेवढंच करा.

प्रश्न : जुनी सिनेमाची गाणी वापरली तर चालतील का? आणि रात्री किती वाजेपर्यंत वाजवता येतं? – देवळाली कॅम्प

उत्तर : रेकॉर्डिंगचा हक्क आपल्याकडे प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं असतो, आणि गीतकार-संगीतकाराचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे जुनं वाटणारं बरंचसं अजून मोकळं झालेलं नाही. पण हक्काचं सोडा, ओळखीचं गाणं लागलं की माणूस त्या गाण्यात जातो आणि घरातून निघून जातो. गावातला आवाज घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्यात, त्यातल्या कितीतरी 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या वेबसाईटवर ऐकायला मिळतात. त्या ऐकून कान तयार करा आणि मग आपल्या गल्लीतल्या बाईकडे जा. विचारून रेकॉर्ड करा, त्यांना ऐकवा आणि पैसे द्या, साडी-नारळावर भागवू नका. वेळेचं म्हणाल तर रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. ग्रामपंचायत आणि पोलीस स्टेशनला आधी अर्ज द्या. आमचा आवाज दारापलीकडे जातच नव्हता तरी आम्ही पावणेदहाला बंद करायचो, शेजारी पहाटे चारला दूध काढायला उठतात.

प्रश्न : बंद घरात साप, वटवाघळं असतात त्याचं काय केलंत? आमच्याकडे बिबट्याही येतो. – दिंडोरी तालुका

उत्तर : दिवसाउजेडी सर्पमित्राला घेऊन कोपरे, कौलं, जळणाचा ढीग बघून घ्यायचा, हात घालायच्या आधी काठी घालायची. वटवाघळं किंवा घुबडाची पिल्लं असतील तर ती खोली त्यांची. आम्ही चुलीची खोली सोडून दिली कारण वर गव्हाणी घुबडाची जोडी होती, त्या बाजूला एकही दिवा लावला नाही, एका रात्री मादी लोकांच्या डोक्यावरून कसलाही आवाज न करता बाहेर गेली. पिवळ्या मंद उजेडाला किडेही कमी येतात. बिबट्याचं मात्र अजिबात हलक्यात घेऊ नका, उसाला लागून घर असेल तर वनखात्याशी बोला, लोकांना घोळक्याने आणा नि घोळक्याने न्या, लहान मुलं मधे. आणि द्राक्षाच्या हंगामात रात्री फवारणीचे ट्रॅक्टर चालतात, त्यांच्या आवाजात काही ऐकू येत नाही, तेव्हा शेजारच्या बागवाल्याला विचारून तारीख ठरवा.

प्रश्न : नमस्कार ताई. मी सातवीत आहे. सुरगाणा तालुका. माझे आजोबा पावरी (भोपळ्याचं, फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवतात. आमच्या पाड्यावर एक घर रिकामं आहे, ते लोक द्राक्षाच्या कामाला गिरणारे गावाकडे जातात, पावसात परत येतात. माझ्याकडे स्पीकर नाही. आजोबांना त्या घरात बसवलं तर ते इन्स्टॉलेशन होईल का?

उत्तर : होईल रे बाळा, आणि माझ्या सगळ्या स्पीकरपेक्षा चांगलं होईल. पण ते घर रिकामं असलं तरी ओस नाहीये, त्यांची माणसं पावसात परत येणार आहेत, तेव्हा आधी त्यांना फोन करून विचार. ते हो म्हणाले तर आजोबांना घरात घेऊन जा आणि कुठे बसायचं ते सांगू नकोस. त्यांना पावरी घेऊन हळूहळू फिरू दे, एका ठिकाणी भोपळा घुमायला लागेल आणि ते आपोआप थांबतील. तिथेच घोंगडी टाक. एकच दिवा ठेव, सोलरचा कंदील असेल तर तोही चालेल, त्याच्यावर पळसाचं वाळलेलं पान धर म्हणजे पांढरा उजेड जरा मऊ होईल. दिवा आजोबांच्या समोर नको, पाठीमागे जमिनीवर ठेव, म्हणजे त्यांची सावली छतावर जाईल आणि पावरीची शिंगासारखी सावली तिच्याही वर. लोकांना आत आणून पाच मिनिटं अंधारात गप्प बसव, मग दिवा, मग पावरी. आजोबा दमले की थांबायचं, ते सांगतील तेव्हा. आणि ते घरात नेमके कुठल्या भिंतीपाशी थांबले, मातीच्या की कुडाच्या, ते मला पत्रात नक्की लिहून पाठव.